पाण्याचा वापसा

१९ जुलै. डवऱ्याची पास, म्हणजे तण कापणारं पातं, काढून कानशीने धार लावत बसले होते. चार दिवसांच्या झडीनंतर कडक ऊन पडलं होतं आणि सोयाबीनमध्ये तण माजलं होतं. यजमान ओसरीवरून म्हणाले, "उद्या औत धरू." मी "पाहू" म्हणेपर्यंत फोन वाजला. हात काळे होते, म्हणून मुलीला स्पीकर लावायला सांगितलं. अंदमानहून सुमित्रा बोलत होती.

"दीदी, रऊफदा चले गए. बुखार था. बिस्तर पर ही गए, पानी में नहीं."

कधी, दफन कुठे झालं, बायको आता कोणाकडे आहे, एवढं मी विचारून घेतलं. किन्हीराजाला, त्यांच्या गावी, कोणी कळवलं का, तेही विचारलं. तिकडचा पत्ता कोणाकडेच नव्हता. फोन बंद झाला तेव्हा पासेची अर्धी धार राहिली होती. ती पूर्ण केली.

शेख रऊफ किन्हीराजाचे, म्हणजे वाशीमकडच्या आमच्याच मालेगाव तालुक्यातले. पण मला ते भेटले अंदमानातल्या एका बेटावर. यजमानांची टेलिफोन खात्यातून तिकडे बदली झाली आणि मला तिथल्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्सची नोकरी मिळाली. जहाजातून उतरले तेव्हा माझ्या पोटात काहीही शिल्लक नव्हतं. धक्क्यावर ट्रंकेवर बसून मी यजमानांना म्हणाले, "मले नाई जमत इथं. परतीचं तिकीट काढा."

शेजारी एक सडपातळ माणूस डब्याने होडीतलं पाणी उपसत होता. तो थांबला.

"कोन्त्या गावच्या तुमी?"

"मालेगाव."

"नाशिकवालं का जहांगीर?"

"जहांगीर."

"मी किन्हीराजाचा," ते म्हणाले आणि पुन्हा पाणी उपसू लागले. "दोन दिस मिरची-भात खा, पोट बसते. तिकीट कायले काढता? परत जायलेबी ह्याच पान्यातून जा लागते."

तिकीट काढलं नाही.

रऊफभाईंची इंजिनाची लाकडी होडी होती. तिकडे तिला डुंगी म्हणतात. समोरच्या लहान बेटावर दर आठवड्याला लसीकरणाला जायचं असे, त्यासाठी दवाखान्याने त्यांची डुंगी लावून घेतली होती. पोरवयात घर सोडून ते मजूर म्हणून सिमेंटच्या जहाजाबरोबर तिकडे गेले आणि तिथलेच झाले. लग्न तिथलं, मशीद तिथली, हिंदी तिथली. पण समुद्राचे शब्द त्यांनी घेतले नाहीत. बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाचा खडक पसरलेला होता, त्याला ते धुरा म्हणत, शेताच्या बांधाला म्हणतात तसं. मोठ्या लाटा तीन-तीनच्या टोळीने येतात, ती तिफण, तीन फणांच्या पेरणीच्या औतासारखी. दोन लाटांमधला खोलगट पट्टा म्हणजे तास, नांगराने पडतो तसा. "तासात आडवं नाई व्हाचं सिस्टर, तासाले तोंड द्याचं," असं ते सांगत आणि सुकाणू दाबत. मला ते लगेच समजे. दवाखान्यातल्या केरळच्या डॉक्टरांना मी त्याचं हिंदी करून देत असे.

पहाटेच्या नमाजानंतर ते रेडिओवर हवामानाची बातमी ऐकत. वाऱ्याचा इशारा असेल तर डुंगी दोरासकट वर ओढून ठेवत आणि कोणी कितीही सांगितलं तरी सोडत नसत. इशारा नसेल तरी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहत. मी एकदा विचारलं, रेडिओ सांगतो ना, मग काय पाहता? "रेडिओ आभायाचं सांगते. आपल्या धुऱ्याचं नाई सांगत. थे पाहा लागते."

एकदा आम्ही लस घेऊन सामुद्रधुनीच्या मध्यावर होतो. समोरच्या ढगाचा तळ काळा, सपाट, जणू हाताने सारवलेला. त्यातून वावटळीची एक सोंड खाली उतरली. निमुळती, राखाडी, हळूहळू डोलणारी. जिथे ती टेकली तिथलं पाणी धुरासारखं वर उडू लागलं. आवाज काहीच नव्हता. मी आयुष्यात एवढी मोठी गोष्ट एवढी मुकाट चाललेली पाहिली नव्हती. लसीच्या पेटीचा पट्टा माझ्या हातात होता, तो मी का आवळून धरला ते सांगता येणार नाही.

रऊफभाईंनी इंजिन मंद केलं. "थो उंच माड दिसते का बेटावर? सोंड माडापासून सरकून राह्यली का पाहा."

मी पाहिलं. "सरकते आहे. डावीकडे."

"मंग जाऊ द्या तिले. जागा सोडत नसती अन् मोठी होत गेली असती, तं थे आपल्याकडं निंगाली म्हनून समजाचं."

सोंड माडापासून दूर गेली, बारीक झाली, तुटली. आम्ही जाऊन लसी टोचल्या.

पण रऊफभाई मला आठवतात ते वापशामुळे. पाऊस थांबतो, वरची माती पांढरी दिसायला लागते, आणि नवखा माणूस औत घेऊन निघतो. आतली माती अजून चिकट असते. ती औताला तयार होते ती वेळ वेगळी. त्याला आमच्याकडे वापसा म्हणतात. रऊफभाई हा शब्द समुद्राला वापरत. वारा थांबला म्हणजे पाणी थांबलं असं नाही, दूर कुठे उठलेल्या लाटा नंतर कितीतरी वेळ चालत येतात. "वारा गेला, पन वापसा नाई आला," असं म्हणून ते बिडी पेटवत. घाईतल्या माणसाला याचा राग येई. मलाही येई.

अशाच एका लसीकरणाच्या दिवशी आम्ही लहान बेटावर होतो. सुमित्रा तिथली, बंगाली कोळ्याची बायको. पहाटे घरीच बाळंत झाली होती. बाळ ठीक होतं, पण वारेचा तुकडा आत राहिला होता आणि रक्त थांबत नव्हतं. मी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पोट चोळत बसले. तेवढ्यात वादळी झोत आला. आधी थंडगार वारा, मग पावसाची भिंत, मग समोरचं माडाचं बनसुद्धा दिसेना. तो जसा आला तसा गेला. ऊन पडलं. खाडीतलं पाणी थाळीसारखं सपाट झालं.

सुमित्राचा नवरा निताई दारात येऊन म्हणाला, "दीदी, हवा रुक गया. अभी चलो."

पलंगाच्या लाकडी फळीवर घालून तिला खाडीच्या काठी आणलं. डुंगीत गादी टाकली. रऊफभाई काठावर उकिडवे बसून खाडीच्या तोंडाकडे पाहत होते. उठले नाहीत.

"वापसा नाई."

"रऊफभाई, पाणी सपाट आहे."

"आतलं. तुमी वर येऊन धुरा पाहा."

मी चढावर गेले. वर आभाळ निळं, झाडाचं पान हलत नव्हतं. आणि धुऱ्यातली जी अरुंद वाट आमच्या बाहेर पडण्याची, तिथे पाणी उभं राहत होतं. दवाखान्याच्या छपराएवढी हिरवी भिंत, वाऱ्याशिवाय, कुठल्याही कारणाशिवाय उठायची, क्षणभर तशीच थांबायची, तिच्यातून पलीकडचं ऊन दिसायचं, मग कोसळायची. कोसळली की माझ्या पायाखालची जमीन हलायची. एकामागून एक. मी बघत उभी राहिले. खाली एक बाई रक्ताने भिजत होती आणि मी बघत उभी राहिले, एवढं ते मोठं होतं.

"ओहोटी आहे," रऊफभाई मागून म्हणाले. "आतलं पानी भाईर निंगालं अन् भाईरची लाट आत घुसून राह्यली. दोघं वाटेत भांडतेत. ओहोटी सरली का थे पडते."

"किती वेळ?"

"अर्धी दुपार."

निताई रडकुंडीला आला होता. "मर जाएगी दादा. मैं ले जाता हूँ, चाबी दे दो."

रऊफभाईंनी किल्ली खिशातून काढून हातात घेतली, पण दिली नाही. माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुमी तिचं रगत पाहा, मी पानी पाह्यतो. रगत थांबत नसन तं मले सांगा. मंग मी निंगतो. पन खरं सांगा. घाबरून सांगू नका."

एवढं ओझं माझ्यावर कोणत्याही डॉक्टरने टाकलं नव्हतं. मी खाली गेले. कापडाच्या घड्या बदलल्या, नाडी मोजली, पोट दाबून पाहिलं. गर्भाशयाचा गोळा हाताला घट्ट लागत होता. रक्त येत होतं, पण पहिल्यासारखं नाही. दुसरं इंजेक्शन दिलं आणि पुन्हा नाडी मोजली. मग वर ओरडून सांगितलं, "थांबता येईल."

थांबलो. सुमित्रा मधूनच "पानी" म्हणायची. निताई बाळाला घेऊन माडाखाली फेऱ्या घालत होता. मी एक हात तिच्या पोटावरून काढला नाही. रऊफभाई चढावर उन्हात बसून होते. बिडी पेटवली नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तेही घाबरलेले आहेत.

ऊन कलायला लागलं तेव्हा ते खाली आले आणि त्यांनी दोर सोडला. वाटेशी आलो तेव्हा भिंत उरली नव्हती, पण लाट होतीच. त्यांनी इंजिन धरून ठेवलं. एक गेली. दुसरी गेली. तिसरीने डुंगीचं नाक आभाळाकडे केलं. "गेली तिफण," ते म्हणाले आणि इंजिन पूर्ण सोडलं. वाट पार झाली. पुढे समुद्र लांब, गुळगुळीत टेकड्यांसारखा येत होता, आणि एकेक टेकडी आम्हाला उचलून सावकाश खाली ठेवत होती.

मोठ्या बेटावर डॉक्टर वाट पाहत होते. सुमित्रा वाचली. १९ जुलैचा फोन तिचाच.

त्या संध्याकाळी धक्क्यावर मी रऊफभाईंना विचारलं, "मी म्हटलं असतं, रक्त थांबत नाही, तर?"

"तं निंगालो असतो. सांगतलं होतं ना."

"पोचलो असतो?"

ते दोराची गाठ मारत होते. ती मारून झाली.

"नाई."

मग चहा पिताना त्यांनी घर का सोडलं ते सांगितलं. झडीनंतर ऊन पडलं होतं. बाप वाशीमला गेला होता. बापाला खूष करावं म्हणून पोराने बैल जुंपले आणि वापसा नसताना वावरात घातले. जोडी रुतली. पोराने तुतारी, म्हणजे खिळ्याची काठी, टोचली. एका बैलाने जोर केला आणि पाय मोडला. "बापानं हात नाई लावला मले. बैलापाशी बसला अन् म्हने, ह्याले काय ठाऊक होतं, तुले तं डोळे होते. मी त्याच राती निंगालो." एवढं सांगून त्यांनी कप विसळून ठेवला. बदली संपून आम्ही परत निघालो तेव्हा मी विचारलं, किन्हीराजाला काही निरोप? ते म्हणाले, "मले कोन वळखते तिथं?"

सुमित्राच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेले. टाचेने माती उकरली, मुठीत दाबली, गोळा करून टाकला. फुटला नाही. घरी येऊन यजमानांना सांगितलं, आज डवरा नको. तेही अंदमानात राहून आलेले, वाद घातला नाही. दिवस मोकळा होता, म्हणून किन्हीराजाला गेले.

रऊफभाईंचा पुतण्या शोधायला वेळ लागला नाही. वावराच्या धुऱ्यावर उभा होता, बैल डवऱ्याला जुंपलेले. मी बातमी सांगितली. त्याने हळू आवाजात इन्ना लिल्लाही म्हटलं आणि टोपी सरळ केली.

"म्या तं पाह्यलंबी नाई त्याईले. बैलाचा पाय मोडून पयाले होते म्हनतेत. एवढंच ठाऊक आहे घरात."

"हो," मी म्हणाले. "त्यानंतर त्यांनी जन्मभर होडी चालवली, अन् वापसा नसताना कोणालाच पाण्यात घातलं नाही."

"पान्याले कायचा वापसा, बाई?"

मी सांगितलं. वाट, धुरा, भिंत, सुमित्रा, सगळं. तो ऐकत होता आणि मधूनच आपल्या वावराकडे पाहत होता. वरून पांढरं दिसत होतं. मग तो वाकला, मातीची मूठ उचलली आणि दाबून पाहिली. गोळा तसाच राहिला. त्याने तो धुऱ्यावर ठेवला, जाऊन बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं आणि मला म्हणाला, "चला, घरी चहा घ्या. अम्मीलेबी सांगा हे."

मी गेले आणि सांगितलं.