कोणासाठी ते सांग

तंजावूरच्या स्टेशनावर अप्पांनी पितळी कॉफी-फिल्टर टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबला आणि वर बजावलं, "जाते म्हणू नकोस, येते म्हण." येते म्हणाले आणि पुण्याला आले. वाटलं, आपल्याच माणसांत चाललोय. इथं घरमालकीणबाई माझं मराठी ऐकून म्हणाल्या, "तुम्ही मद्रासी का?" राजवाड्यामागच्या गल्लीत आपण पिढ्यानपिढ्या मराठी, आणि इथं येऊन मद्रासी. घ्या.

तुम्ही भावंडं, कुणी तिथंच, कुणी दुबईत, विचारता की ही फोनवर एवढी का चिडते. म्हणून लिहितेय.

आले त्याच वर्षी कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मी. पायथॉन येत असेल तर बघू, असं एका ठिकाणी म्हणाले. शिकायला बसले. पुस्तकातली उदाहरणं डोक्यात शिरेनात, तेव्हा ठरवलं, छोटा प्रोग्रॅम करू: एकाच भांड्याचे निरनिराळ्या साइटींवरचे भाव गोळा करून स्वस्त ते महाग असे लावायचे. भांड्यांच्या दुकानात वाढलेली मी, दुसरं काय सुचणार? आणि घाई होती. अप्पांची गिऱ्हाइकं फोनवर भाव बघून परत जात होती. अम्मा म्हणायची, "तुला नोकरी लागेपर्यंत दुकान कसंबसं ढकलू."

साइटींचे भाव आले. मग हौसेनं आपल्या दुकानाचीही ओळ घातली आणि अप्पांना फिल्टरचा भाव विचारला.

"कोणासाठी ते सांग."

"कोणासाठी नाही हो, नुसता भाव."

"नुसता भाव कसा असेल, पोरी? नव्या संसाराला वेगळा, हॉटेलवाल्याला वेगळा. शाळेतल्या टीचरम्मांच्या फिल्टरचं झाकण सैल झालं की बदलून देतो, ते कशात धरू?"

मी वैतागले. रकान्यात आकडा लागतो, गोष्टी नाहीत. ती जागा रिकामी, म्हणून प्रोग्रॅम सारखा अडायचा. शेवटी एक ओळ लिहिली: किंमत नसेल तर ते दुकान वगळ. लगेच सुरळीत चालला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तोच प्रोग्रॅम घेऊन मुलाखती दिल्या. सगळे "कळवतो" म्हणाले. कुणीही कळवलं नाही, आणि मी घरी खोटंच सांगत राहिले की होईल, होईल.

परवा अप्पांचा फोन आला. "लिहून घे," म्हणाले, आणि फिल्टरचा भाव सांगितला. त्यांच्या खरेदीपेक्षाही कमी.

मी विचारलं, "कोणासाठी?"

"कुणालाही. दुकान मोकळं करतोय. आता विचारत बसत नाही."

मी आकडा भरला. प्रोग्रॅम कुठंही अडला नाही. आपलं दुकान पहिल्यांदाच सगळ्यांच्या वर आलं, आणि मी त्या यादीकडे बघून हमसून हमसून रडले.

माझं घर म्हणजे भाव सांगायच्या आधी कोणासाठी विचारणारा तो माणूस. येते म्हणून निघाले होते. आता कुठं यायचं, ते तुमच्यापैकी कुणीतरी सांगा.