कार्डातलं उलटं कापड

आज बाब अल बहरीनच्या बाजारात, बाबांच्या शिलाईच्या दुकानात घडलं ते असं:

१. माझ्या धाकट्या भावाने, निखिलने, संग्रहासाठी मागवलेलं महागडं बेसबॉल कार्ड आलं. त्यात एका खेळाडूच्या जर्सीचा तुकडा बसवलेला आहे.
२. छपाईची क्वालिटी तपासणं हे माझं रोजचं काम. भिंगातून कडा, रंग, सोनेरी फॉइल पाहिलं आणि "निर्दोष" म्हणाले.
३. बाबांनी एकदाच पाहिलं. "कापड उलटं लावलंय गं."

खरंच उलटं होतं. कापड दिसावं म्हणून कार्डाला ठेवलेल्या खिडकीची चौकट मी मोजली, पण आतलं कापड पाहिलंच नाही. आणि कार्ड घेतलं होतं ते त्या कापडासाठीच.

"परत पाठव," मी म्हणाले.

"ताई, ही बाजू त्याच्या अंगाला लागलेली! उलट हीच भारी."

"मग धुऊ नकोस म्हणजे झालं," बाबा म्हणाले.

निखिल हसला, मग हळूच म्हणाला, "तू सांगशील तसं करतो."

विक्रेता शनिवारपर्यंतच कार्ड परत घेईल, आणि असं दुसरं मिळेलच याची खात्री नाही. मला हा दोष वाटतो, पण या कापडाबद्दल मला पुरेशी माहिती नाही.

अशी कार्डं जमवणाऱ्यांनी सांगावं: कापडाची आतली बाजू मुद्दाम वर ठेवतात का? गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.