ॲनिमोनच्या पायावर पाणी

आमच्या घरात आजवर एकवीस मासे वारले. सगळे नैसर्गिक कारणाने गेले, असं माझं म्हणणं आहे. ते नैसर्गिक कारण म्हणजे मी, असं माझ्या बायकोचं, सुनंदाचं म्हणणं आहे.

मी सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे मला चूक टाळता आली नाही तरी कारण बरोबर देता येतं. मासे गोड्या पाण्यात गेले, म्हणून मी खाऱ्या पाण्याची टाकी केली (तर्क बघा!). चार महिने त्या टाकीत नुसते दगड, दिवे आणि मीठ. पाहुणे विचारायचे, "गुरुजी, मासे कुठं हायेत?" मी म्हणायचो, "टाकी तयार होऊन राह्यली." मग पाहुणे चहा घाईघाईने संपवायचे.

शेवटी मी जाहीर केलं, की नागपूरहून समुद्रातलं ॲनिमोन आणणार! सुनंदा शिवणाचं मशीन पुसत होती. हॉलमध्ये पंख्याखालची एकच जागा, तिथे माझी टाकी. आणि ती बिचारी आतल्या खोलीत घामाघूम होऊन गावभरचे ब्लाऊज शिवते. मान वर न करता म्हणाली, "हे आखरीचं. हे मेलं का टाकी हॉलच्या बाहेर, अन् तिथं माही मशीन. मंजूर?"

"मंजूर!" मी म्हणालो. मला त्या वेळी हो म्हणायची घाई झाली होती.

ॲनिमोन पिशवीतल्या पाण्यात बसून, माझ्या मांडीवरून, एस.टी.ने सेलूला आलं. दुकानदाराने निघताना बजावलं होतं, "सर, ते आपली जागा आपणच शोधतं. हात लावू नका." मी मान डोलावली. वर्गात मुलं डोलावतात, तशीच.

टाकीत दगडावर बसल्यावर तासाभराने ते उमललं. हिरवट बोटं पाण्यात डुलायला लागली. माझे वडील चष्मा लावून पुढे आले. बाबांचं सगळं आयुष्य कपाशी आणि बैल यांच्यात गेलेलं.

"फूल हाय का रे, विलास?"

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. (तो जागा झाला, की घरात काहीतरी बिघडतंच.) "फूल नाई, बाबा! जनावर हाय. त्याले तोंड हाय, ते खाते, अन् पायानं चालते."

"पाय किती?"

"एक."

बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "एका पायाचं जनावर कोणी इकत घेते का, बाप्पा? दात तरी पाह्यले होते का?"

पुढचे तीन दिवस मी विज्ञान केलं. उजेड कमी वाटला, ॲनिमोन वर ठेवलं. पाण्याचा झोत जास्त वाटला, खाली ठेवलं. मग डावीकडे, मग उजवीकडे. ते दर वेळी चिकटायचं आणि मी दर वेळी हळूच सोडवायचो. बाबा खाटेवरून म्हणायचे, "नवं जनावर आठ दिस एका खुट्यावर राहू द्या लागते रे." मी म्हणायचो, "बाबा, हे बैल नोहे!"

चौथ्या दिवशी बाजारातून घरी आलो, तर टाकीचं पाणी पिवळं! बाबांच्या हातात रिकामा तांब्या. शेजारच्या निर्मलाकाकू पूजेचं ताट घेऊन भक्तिभावाने उभ्या.

"बाबा! काय केलं हे?"

"काय केलं म्हंजे? नवं जनावर घरी आलं, चार दिस झाले. कोणी पायावर पाणी टाकलं नाई, हळद-कुंकू नाई, गुळाचा खडा नाई. आपल्या घरी आजवर असं झालं नाई."

"पण पाण्यातल्या जनावराच्या पायावर पाणी काऊन टाकता?"

"मंग कुठं टाकू? तूच सांगितलं ना, पाय हाय म्हणून!"

ॲनिमोन आक्रसून लिंबाएवढं झालं होतं आणि तोंडातून तपकिरी काहीतरी ओकत होतं. मी खुर्चीवर कोसळलो. "संपलं! बाविसावं!"

"बसता काय? पाणी बदला!" सुनंदा ओरडली. तिने नळी लावली, बादल्या भरल्या. निर्मलाकाकूंनी अपराधी चेहऱ्याने घरातले गाळलेल्या पाण्याचे दोन कॅन आणले. टाकीचं खास मीठ त्यात लवकर विरघळेना, तेव्हा सुनंदाने ताकाची रवी आणली आणि समुद्र घुसळायला घेतला! मी खारटपणा मोजायचं यंत्र आणायला धावलो आणि बादलीला अडखळून अर्धा समुद्र बाबांच्या खाटेखाली सांडला.

पाणी निवळलं. बघतो तर दगडावर ॲनिमोन नाही!

"विरघळलं," मी घोषणा केली. निर्मलाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. मी दुकानदाराला निधनवार्ता द्यायला फोन लावला आणि घाबरून स्पीकर चालू केला.

"हळदीचं सोडा, सर," तो म्हणाला. "पाणी बदललं ना? हात कितीदा लावला ते सांगा."

मी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"रोज तीन-चारदा!" सुनंदाने माझ्या वतीने उत्तर दिलं.

"अरे सर! मग ते मेलं नसेल, तुमच्यापासून लपलं असेल."

बाबा खाटेवरून म्हणाले, "मी काय सांगून राह्यलो होतो? रोज गोठा बदलला, तं जनावर काय टिकते?"

सुनंदाने बॅटरी घेतली आणि टाकीच्या मागे डोकं घातलं. मी तिच्याकडे बघत होतो. ते नाही सापडलं, तर पंख्याखालची जागा तिची होती. तिने एकेक दगड उजेडात तपासला. मग एकदम किंचाळली, "हाय! हाय ना हो! दगडाच्या मांगं बसलं लपून! जित्तं हाय!"

इतक्या आनंदाने तिने माझा हात दाबला, की मशीनची जागा हुकली याचं तिला भानच राहिलं नाही. मला खरंच भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी आणलेली वस्तू टिकावी, म्हणून ती इतकी धडपडली, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी मी स्वतः टाकी अर्धी सरकवून पंख्याखाली मशीनला जागा केली. (सरकवताना मला टाकीला हात लावू दिला नाही, मी सूचना देत होतो.)

आठ दिवस मला टाकीपासून दोन हात लांब ठेवण्यात आलं. आठव्या दिवशी ॲनिमोन आपल्या पायाने, आपल्या मनाने दगडाच्या माथ्यावर चढलं आणि ताटलीएवढं फुललं! बाबांनी लांबूनच हात जोडले. मी धावत जाऊन दुकानदाराला फोन केला.

"फुललं! आता मी काय करू?"

"आठ दिवस काय केलं, सर?"

"काहीच नाही."

"मग तेच करत राहा."

आता पाणी सुनंदा बदलते, खाऊ बाबा घालतात आणि काहीच न करण्याचं काम माझ्याकडे आहे. ते मात्र मी अगदी वेळच्या वेळी, मन लावून करतो.