दीपगृहापलीकडचं बेट

दुकानात मुलाने झाकणाची एक पेटी उचलून पाहिली. "आई, आपल्या शिडाच्या होडीत हाच संडास मावेल." सून त्यावर जरा टेकली. "उंची बरोबर आहे, पडदा मात्र हवा." किती सहज बोलली!

पूर्वी ह्यांच्याबरोबर जाताना मी सकाळपासून पाण्याचा घोट न घेता होडीत बसायचे. तरी दीपगृह आलं की ह्यांना म्हणायचे, "परत फिरू या, मला लाटांची भीती वाटते." भीती वाटते म्हणणं सोपं होतं, लघवीला जायचंय म्हणणं नव्हतं. हे मुकाट्याने होडी वळवायचे. पलीकडचं बेट बघायचं ह्यांचं राहूनच गेलं.

"बाबा म्हणायचे, तुला समुद्र आवडत नाही," मुलगा म्हणाला.

मला समुद्र फार आवडतो. ह्यांना ते कधी कळलंच नाही.