एकीला जाऊ का, गुरुजी?

गेली चार वर्षं तेंदूपत्ता मजुरांच्या संघटनेची पत्रकं मी लिहिते. स्टेन्सिल कापते, सायक्लोस्टाइलची शाई कोपरापर्यंत फासून घेते. त्यातल्या एकाही पत्रकात 'एकी' हा शब्द सापडणार नाही. एकजूट आहे, ऐक्य आहे. एकदा तर 'संघभाव' लिहिलं, ते जिवती गावच्या बैठकीत कोणालाच कळलं नाही. कारण ऐकून हसायचं असेल तर हसा.

पहिलीत मी करंगळी वर करून विचारलं होतं, "गुरुजी, एकीला जाऊ?" गुरुजी फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "बस खाली. आत्ताच सुट्टी झाली." तिसऱ्यांदा विचारेपर्यंत काम झालेलं होतं. सारवलेल्या जमिनीवरून ओघळ थेट त्यांच्या खुर्चीखाली गेला. वर्ग हसला. गुरुजीही हसले, ते जास्त लागलं.

पुढे चंद्रपूरच्या वाचनालयात मानसशास्त्राचं एक पुस्तक हाती आलं. लहानपणी प्रत्येक वयाचा एक धडा असतो, तो शरमेत अर्धा राहिला की माणूस वाढतो, पण त्याच्या आतलं पोर तिथंच बसून राहतं, असं त्यात होतं. मला राग आला. सगळं दुःख व्यवस्थेतून येतं, असं मी स्वतः छापलं होतं, तेही पाठपोट. पुस्तक परत केलं. पण मोर्चाच्या दिवशी पाण्याला न शिवणारी, साहेबाच्या दारात पुन्हा सहा वर्षांची होणारी मीच होते.

मागच्या मे महिन्यात चंद्रपूरला एका कचेरीसमोर आमचं धरणं होतं. आत जाऊन मागण्या मलाच मांडायच्या होत्या. शेजारच्या म्हातारीनं लोटा पुढे केला.

"पी ना वो बाई."

"मले तहान नाई."

"ओठ फुटून राह्यले. काऊन खोटं बोलतं?"

उन्हानं डोकं भणभणत होतं. मी तिच्या कानात सगळं सांगून टाकलं, खुर्चीसकट. तिनं ते लगेच मागे कळवलं, "आयकलं का वो, आपल्या बाईनं गुरुजीची जागा वल्ली केली."

पन्नास बाया हसल्या. मी पुन्हा पहिलीत. मग डोळे पुसत म्हातारी म्हणाली, "मी बी सकाळपासून पाणी नाई पेली. इथी बायांनं जायाचं कुठी? संडास एकच हाय, त्याले बी कुलूप. साहेबायसाठी."

मी मागे पाहिलं. लोटा भरलेलाच फिरत होता, कोणीच पीत नव्हतं. आणि चार वर्षांच्या पत्रकांत यावर माझी एक ओळ नव्हती. लिहायची तर तोच शब्द लिहावा लागला असता.

मी तो लोटा घटाघटा रिकामा केला आणि आत गेले.

"सात मागण्या आहेत ना?" साहेब म्हणाले.

"आठवी आधी सांगते. एकी."

"तुमची एकी दिसतेच आहे बाहेर."

"ती नाही, साहेब." मी करंगळी वर केली. ती खाली घेतली नाही. "ही. आम्हा सगळ्यांची."

साहेबांनी आधी करंगळीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कागदांकडे, मग शिपायाकडे. शिपाई हसू दाबत किल्ली घेऊन आला.

बाकीच्या सात मागण्यांवर "कळवतो" म्हणाले, अजून कळवलेलं नाही. किल्ली म्हातारीच्या कमरेला आहे. तीही कोणी परत मागितलेली नाही.