तळघरातलं निरांजन

जर्मनीत गेर्लिंगेनच्या घरी असताना मी नेमबाजीसाठी लागणारी काडतुसं स्वतः भरायचे. त्यासाठी रीतसर परीक्षा दिली होती, परवाना काढला होता. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, एक भक्कम टेबल, त्यावर बोल्टने बसवलेलं हाताने दाबायचं यंत्र, बंदुकीच्या दारूचा एकच डबा, आणि दाराला आतून कडी. त्या दारूला आम्ही नुसतं पावडर म्हणायचो. हे काम शिकवणाऱ्या जर्मन आजोबांनी पहिल्याच दिवशी अंगणात मूठभर पावडर पेटवून दाखवली होती. धडाम वगैरे काही झालं नाही. कमरेएवढा जाळ उठला आणि क्षणात गेला. "आल्झो, तर मग," ते म्हणाले, "घाबरलात ना? मग तेवढ्याच घाबरून राहा." मी मुळात भित्री, त्यामुळे ते काही जड गेलं नाही.

त्या दसऱ्याला सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. माझ्या या छंदाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांचं ते गप्प राहणं मला टोमण्यापेक्षा जास्त झोंबायचं. नवरा ऑफिसला गेला होता, मी सणाची सुट्टी घेतली होती. श्रीखंड करून झालं, तशी खाली जाऊन काम काढून बसले. डबा उघडा होता, पावडर मोजून भरत होते, तेवढ्यात दार वाजलं.

किल्ली-बिल्ली हवी असेल म्हणून कडी काढली. आधी ताट आत आलं, मागोमाग सासूबाई. ताटात हळदकुंकू, अक्षता, झेंडू आणि पेटलेलं निरांजन.

"तुझ्या यंत्राची पूजा राहिली ना गं," म्हणत त्या थेट टेबलापाशी गेल्या.

ओरडावं तर त्या दचकणार, ताट कलंडणार. हिसकावलं तरी तेच. डबा त्यांच्या कोपराशी, ज्योत हलत होती. मी हात लांब करून डब्यावर झाकण दाबलं आणि हसले. कशी हसले, देव जाणे.

"आई, यंत्र मी वर आणते. तुम्ही ताट घेऊन पुढे व्हा."

"अगं, जागच्या जागी करायची असते."

"आई, वर चला ना."

माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि ताट घेऊन वळल्या. गुडघ्यांमुळे त्या एकेक पायरी थांबत चढत होत्या. दार ओढून घेऊन मी मागून, ताटावरची नजर न काढता.

वर पोचल्यावर मी खुर्चीत बसले. आजोबांनी दाखवलेल्या जाळासकट सगळं सांगून टाकलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग म्हणाल्या, "वर्कशॉपमधल्या ह्यांच्या लेथची पूजा मी दर दसऱ्याला करायचे. एका वर्षी माहेरी गेले होते, राहून गेली. त्याच वर्षी त्यांची दोन बोटं गेली. तू खाली गेलीस की मी इथे बसून कानोसा घेत असते."

इतके दिवस मी ज्याला राग समजत होते, ती भीती होती.

मी खाली जाऊन पावडर कुलपात टाकली, बोल्ट काढून यंत्र वर आणलं. देवासमोर त्यांनी त्याला घाईघाईने बोटभर कुंकू लावलं. निरांजन लांब, ओट्यावर ठेवलं होतं.

"हात दे," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढे केले. एकेका बोटाला हळदकुंकू लावत, त्या ओठातल्या ओठात बोटं मोजत होत्या.