चासीला भोक पडता कामा नये

गाड्यांचा अपमान माझ्या मामेसासऱ्यांइतका मनाला लावून घेणारा माणूस अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल. माणसांचा अपमान ते पोटात घालत, स्वतःचा तर हसून सोडून देत. पण दुबईत आमच्या करामा भागात कुणी क्लच अर्धवट दाबून गाडी चालवताना दिसला की भर रस्त्यात त्याची काच ठोठावत. एकदा शारजाहून आमच्याकडे येताना टॅक्सीवाला गिअर खरडतो म्हणून ते अर्ध्या वाटेत उतरले आणि जुलैच्या उन्हात, हातात सुरमईची पिशवी घेऊन, तासभर चालत आले. सुरमई शिजायचीच काय ती बाकी होती. बायको म्हणाली, "मामा, दुसरी टॅक्सी करायचीत!" तर म्हणाले, "दुसरा तरी कुठे माणूस असणार आहे?" शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात ते एका वर्कशॉपचे फोरमन होते. मला रागावताना मात्र त्यांनी कधी 'तुम्ही' सोडलं नाही. जावई तो जावई. "जावईबापू, अक्कल गहाण टाकलीत की जन्मतःच नव्हती?" हा प्रश्न ते इतक्या अदबीने विचारत की उत्तर द्यावंसं वाटे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी एका बांधकाम कंपनीत साइट सुपरवायझर होतो. आमचा कॅम्प डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, वाळवंटात. एका गुरुवारी शमाल सुटला, म्हणजे तो उत्तरेचा वारा, आणि कच्चा रस्ता वाळूखाली गडप झाला. पाण्याचा टँकर फाट्यावरूनच परत गेला. कॅम्पात दीडशे माणसं, निम्मी आपल्या चिपळूण-खेडकडची. मी हेड ऑफिसला फोन करून वाळू उपसायला लोडर मागितला. उत्तर आलं, "इन्शाल्ला, संडे." शुक्रवारी मी कसाबसा चालत फाट्यावर आलो, तिथे ठेवलेली कंपनीची पिकअप घेतली आणि कुणाचा तरी लोडर मिळतो का ते बघायला शारजा पालथं घातलं. सुट्टीच्या दिवशी कोण देणार? दुपारी घरी आलो, तेव्हा सुट्टीचे आमच्याकडे आलेले मामा जेवत होते. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"दीडशे माणसं, आणि पाणी रविवारी?"

"मामा, ऑफिस म्हणतं..."

"ऑफिसच्या टाक्या बंद करा रविवारपर्यंत! तिकडे थंडीच्या देशांत लोक पिकअपला पातं लावून रस्त्यावरचा बर्फ सारतात. मी मासिकात फोटो पाहिलाय. बर्फ सरतो, मग वाळू काय सोन्याची आहे? उठा."

वर्कशॉपची किल्ली त्यांच्याकडेच असे. पण मला खरी धास्ती गाडीची होती. ती माझ्या सहीवर होती आणि साहेबांनी बजावलं होतं की ओरखडा जरी दिसला तरी पुढच्या विमानात बसवीन. तरी कामाला हातभार म्हणून, गाडीच्या खालच्या सांगाड्याला भोकं पाडायला, मी ड्रिल मशीन उचललं. मामांनी ते माझ्या हातून हिसकावलं. "चासीला भोक? उद्या तुमच्या बरगडीला पाडून टॉवेल टांगू का?" गाडी ओढण्यासाठी पुढे हूक असतात, त्यांच्या बोल्टांची जी भोकं कारखान्यातूनच आलेली, तेवढ्यांवरच त्यांनी लोखंडी चौकट बसवली. लोखंड लोखंडाला घासू नये म्हणून मध्ये जुन्या टायरच्या पट्ट्या घातल्या. मोठ्या पाइपाचा उभा काप काढून पातं केलं आणि त्यामागे दोन जाड स्प्रिंगा लावल्या. दगड लागला तर पातं झुकेल, धक्का चासीला जाणार नाही. पुढचं वजन तोलायला मागे सिमेंटच्या सहा गोण्या टाकल्या. वेल्डिंग जे काय केलं ते चौकटीवर, गाडीपासून दहा पावलं दूर. प्रत्येक बोल्टाला त्यांनी माझ्या नावाने एकेक शिवी दिली, सगळ्या आदरार्थी.

शनिवारी उजाडताच आम्ही फाट्यावर होतो. मी जोरात मुसंडी मारली तसे मामा कडाडले, "हळू! ढकला, ढुशी देऊ नका!" पात्याने रेडिएटरचा वारा अडत होता, म्हणून दर थोड्या अंतरावर ते गाडी थांबवून बॉनेट उघडायला लावत. साडेनऊला टँकर कॅम्पात शिरला. माणसं बादल्या घेऊन धावली.

अकराला साहेब आले. ज्या रस्त्यावरून ते गाडी हाकत आले तो सकाळी नव्हता, हे त्यांच्या गावीही नव्हतं! उतरताच ओरडले, "किसने बोला था? गाडी बरबाद कर दी!" मामांनी पाने घेतले, वीस मिनिटांत पातं आणि चौकट उतरवली, हूक जागच्या जागी कसले आणि म्हणाले, "साब, अब नीचे आओ." पांढरा शर्ट घालून साहेब वाळूत आडवे झाले. टॉर्च मारून सगळी चासी पाहिली. एक चरा सापडला नाही. उठून त्यांनी शर्ट झटकला, "ठीक है, लेकिन फिर कभी नहीं," म्हणाले आणि हेड ऑफिसला फोन लावून सांगितलं, "रस्ता मैंने खुलवा दिया!"

माझं रक्त आजही उकळतं. परतताना मामा मात्र एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत होते. मला वाटलं, श्रेय गेलं म्हणून. मग म्हणाले, "गाडीखाली वाकून बघितलं त्याने. माणसांना पाणी मिळालं का, हे नाही विचारलं."

पुढच्या वर्षी मामांचा व्हिसा संपला आणि ते गुहागरला परतले. त्यानंतरच्या शमालात साहेबांनीच मला हाक मारली, "वो तुम्हारा ब्लेड है क्या अभी?" मी ते एकट्याने बसवलं. रबराच्या पट्ट्यांसकट सगळं जागच्या जागी, एकही चूक नाही. दुपारपर्यंत पाणी आलं. संध्याकाळी फोनकार्ड घेऊन बूथवरून मामांना फोन लावला. त्यांचा आवाज खोल गेला होता.

"रबराच्या पट्ट्या घातल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"विसरलो, मामा," मी म्हणालो.

पलीकडून तो जुना, खणखणीत आवाज आला, "जावईबापू..." आणि मी रिसीव्हर कानाशी धरून कार्ड संपेपर्यंत उभा राहिलो.